क्लोनझिला : प्रत चोख, पुढची जुळवाजुळव मात्र आपली

जुन्या संगणकातील हार्ड डिस्क ऑपरेटिंग सिस्टीमसह नव्या संगणकावर न्यायची आहे असे सांगितले, की दुकानदार बहुधा एकच सल्ला देतो : विंडोज नव्याने टाका आणि फायली तेवढ्या कॉपी करा. बहुतेकांसाठी तो योग्यही असतो. परंतु डीटीपीचे (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे) काम करणाऱ्याकडे युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील वर्षानुवर्षांच्या फायली असतात, त्या उघडणारे पेजमेकर हे पानजुळणीचे जुने सॉफ्टवेअर असते आणि त्याची मूळ सीडी केव्हाच हरवलेली असते. त्याला केवळ फायली नकोत, तर ती सगळी व्यवस्था जशीच्या तशी हवी असते. अशा वेळी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढणारे क्लोनझिला हे साधन हाताशी असावे, असे माझे मत आहे. मात्र ते कोणते काम करते आणि कोणते करत नाही, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात विकसित झालेले हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आणि विनामूल्य आहे. ते पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करावा लागतो, कारण विंडोज चालू असताना ते त्याच डिस्कची प्रत काढत नाही. पडद्यावर माउसने चालणारे काहीही दिसत नाही. एकामागून एक प्रश्न येतात आणि बाणांच्या कळांनी उत्तरे निवडायची असतात. रूप जुनाट आहे, पण मला ते खटकत नाही. डिस्कचे मॉडेल आणि आकार नावासोबत दिसतात, आणि नव्या डिस्कवरील सर्व काही पुसले जाईल असे बजावून ते पुन्हा पुन्हा संमती मागते. जुनी आणि नवी डिस्क ओळखण्यात गल्लत झाली तर सारेच गमावण्याची वेळ येते, तेव्हा ही कटकट रास्तच म्हणावी लागेल.

त्याचा खरा गुण असा, की एनटीएफएस (विंडोजची), ईएक्सटी४ (लिनक्सची) यांसारख्या परिचित फाइल सिस्टीममधील, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतींमधील, वापरात असलेला भागच ते वाचते. ५०० जीबीच्या डिस्कवर १८० जीबी मजकूर असेल, तर तेवढाच हलतो. यूएसबी २.० ची जोडणी वापरली तर सेकंदाला ३०-४० एमबीच्या पुढे गती जात नाही आणि दीड-दोन तास सहज जातात. म्हणून नवी डिस्क जोडण्यासाठी यूएसबी ३.० चा साटा अडॅप्टर (डिस्क यूएसबीला जोडणारी वायर) घ्यावा. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हावा म्हणून संगणक पूर्ण बंद न करणारी सोय) आधी बंद करून संगणक पूर्णपणे बंद करावा, अन्यथा डिस्कचा विभाग (पार्टिशन) अर्धवट अवस्थेत असल्याची तक्रार येऊन काम थांबते. डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात ठेवणारे बिटलॉकर चालू असेल तर तेही आधी काढून टाकलेले बरे.

अनेकांचे घोडे अडते ते नव्या डिस्कच्या आकारापाशी. जुनी ५०० जीबीची आणि नवी एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) ४८० जीबीची असेल, तर आत कितीही जागा रिकामी असली तरी क्लोनझिला सरळ नकार देते; नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी असली पाहिजे, हा त्याचा नियम आहे. जुन्या विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटमधून विभाग आक्रसून, मग तज्ज्ञांसाठीच्या पर्यायांत आकाराची तपासणी वगळून यातून वाट निघते, पण नवख्याने त्या फंदात न पडता मोठी एसएसडी घ्यावी.

प्रत हुबेहूब होते, आणि नेमक्या त्याच कारणाने ती नव्या संगणकावर अडू शकते. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची आणि नवा संगणक केवळ यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत जाणणारा असेल, तर ती सुरूच होणार नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून डिस्क एमबीआरमधून जीपीटी या नव्या पद्धतीत बदलणारे मायक्रोसॉफ्टचेच एमबीआरटूजीपीटी हे साधन सोबत येते. ते मूळ डिस्कवर नव्हे, तर प्रतीवर चालवावे. निळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश आला, तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा नियंत्रक, म्हणजे डिस्क हाताळणारा भाग, एएचसीआय (AHCI) या पद्धतीवर आहे की रेड (RAID) या, हे पाहावे; ती जुन्या संगणकातल्यासारखीच असावी. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्क हाताळण्याची व्हीएमडी नावाची सोय बंद केल्यावर अनेकदा गाडी रुळावर येते. लिनक्सवाल्यांना हा त्रास सहसा कमी होतो, कारण बहुतेक ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात. प्रत झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून संगणक सुरू करू नये. दोघींची ओळखखूण एकच असल्यामुळे गोंधळ होतो.

विंडोज ७ ची गोष्ट वेगळी आहे, आणि डीटीपीच्या खोल्यांतून ते अजून दिसते. त्यात एनव्हीएमई (नव्या वेगवान एसएसडींची जोडणी) आणि यूएसबी ३.० यांचे ड्रायव्हर मुळातच नाहीत, त्यामुळे प्रत बिनचूक असूनही नव्या संगणकावर कीबोर्डसुद्धा चालेनासा होऊ शकतो. तेथे मी क्लोनझिला सुचवणार नाही; मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील डिस्कटूव्हीएचडीने चालू विंडोजची आभासी डिस्क तयार करून ती नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवणे अधिक शहाणपणाचे. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचे कुलूप (डोंगल, म्हणजे जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असा छोटा तुकडा) यूएसबीचे असेल तर ते आभासी यंत्राला जोडून पाहता येते. जुन्या प्रिंटर पोर्टात बसणारे कुलूप असेल तर नव्या संगणकाला बहुधा ते पोर्टच नसते, आणि कुलूप बदलून मिळेल का हे विक्रेत्यालाच विचारावे लागते.

परवान्याचाही विचार आधीच करावा. संगणकासोबत आलेले ओईएम (निर्मात्याने बसवून दिलेले) विंडोज मदरबोर्डशी बांधलेले असते, ते प्रतीबरोबर नव्या यंत्रावर जात नाही. स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र हलवता येतो. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा ही प्रत इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ जुन्या फायलींच्या कामापुरतीच वापरावी.