धानपट्ट्यातल्या थंडीसाठी वॉटरप्रूफ जॅकेट : पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझे गाव साकोलीपासून २४ किलोमीटर आत आहे. कनिष्ठ महाविद्यालयाची सकाळपाळी साडेसातला भरते, त्यामुळे हिवाळाभर मला सव्वासहाला मोटारसायकल काढावी लागते. रस्त्याचा काही भाग नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेने जातो आणि पुढे दोन मामा तलावांच्या (जुन्या मालगुजारी तलावांच्या) पाळीला लागून वळतो. डिसेंबर-जानेवारीत या पाळीजवळ धुके इतके दाट असते की दहा मिनिटांत हेल्मेटच्या काचेवरून आणि बाहीवरून पाणी ओघळू लागते. पहाटे पारा ८ ते १० अंशांवर असतो आणि त्याच दिवशी दुपारी परतताना तो २८ अंशांपर्यंत चढलेला असतो. अवकाळी पावसाची खात्री कोणीच देऊ शकत नाही. धान कापून कडपा शेतात पडलेल्या असताना आणि पुंजणे (धानाचे ढीग) रचायची घाई चाललेली असताना तो येतो, हे भंडारा-गोंदियाकडच्या प्रत्येकाने पाहिले आहे. थंडी, ओल आणि दुपारचे ऊन या तिन्हींना पुरेल असे एकच जॅकेट शोधायला मला पुष्कळ वेळ द्यावा लागला. गेल्या दिवाळीत घेतलेल्या जॅकेटचा अनुभव म्हणूनच सविस्तर लिहीत आहे.

आधीची कथा थोडक्यात सांगतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. त्या आठवड्यात माझ्या अंगावर जाड लोकरी स्वेटर होता, आत बनियन आणि फुल बाह्यांचा शर्ट होता, तरीही साकोलीला पोहोचेपर्यंत छाती गारठून जात असे. स्वेटर वाईट नव्हता. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतील एका मावशींकडून घेतलेला तो स्वेटर मी आजही घरात घालतो. परंतु लोकरीच्या विणीत जी हवा अडकून ऊब देते तीच हवा समोरून येणारा वारा ढकलून बाहेर काढतो, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. शीतवाऱ्याच्या (विंड चिल) सूत्राप्रमाणे तापमान १० अंश असताना ताशी ५० किलोमीटरचा वारा अंगावर घेतला, तर उघड्या त्वचेला ते सुमारे साडेपाच अंशांसारखे जाणवते. म्हणजे मोटारसायकलवर बसणाऱ्याची बरीचशी थंडी त्याच्या स्वतःच्या वेगातून येते, आणि ती अडवण्यासाठी जाडीपेक्षा वारा न शिरणारे कापड अधिक उपयोगी पडते.

त्यानंतर मी एक अस्तर लावलेले, पॉलियुरेथेनचा रबरासारखा लेप असलेले जॅकेट घेतले. दोन हिवाळे ते चांगले चालले. पावसाळ्यात मी ते डांबरगोळ्या टाकून लोखंडी पेटीत घडी घालून ठेवले आणि तिसऱ्या नोव्हेंबरला बाहेर काढले, तेव्हा आतल्या बाजूचा लेप चिकट होऊन पापुद्र्यासारखा हाताला लागला. विकणाऱ्याने तो दोष माझ्या वापराचा ठरवला. पुढे वाचून समजले की पॉलियुरेथेनचा लेप उष्णता आणि दमटपणा यांत बंद राहिला की पाण्याच्या अंशामुळे त्याचे घटक हळूहळू तुटत जातात, आणि पत्र्याच्या छपराखालच्या पेटीत आमच्याकडे या दोन्ही गोष्टी भरपूर असतात. नवे जॅकेट निवडताना त्याच्या साठवणीचाही विचार मी केला, तो या नुकसानीमुळेच.

नागपूरच्या दुकानात मला प्रथम फुगीर जॅकेट दाखवले गेले. त्यात बदकाची पिसे भरलेली होती. वजनाला हलके आणि दिसायला देखणे असे ते होते, आणि दुकानात अंगात घातल्यावर पाच मिनिटांत घाम आला. तरीही मी ते घेतले नाही. पिसे भिजली की एकमेकांना चिकटतात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि ऊबही जाते. वाळायलाही फार वेळ लागतो. शिवाय मोटारसायकलवर छातीवर येणारा वारा असे भरण सतत दाबून ठेवतो, त्यामुळे जिथे ऊब सर्वात अधिक हवी तिथेच ती कमी मिळते. कोरड्या थंडीच्या प्रदेशात पायी फिरणाऱ्यासाठी पिसांचे जॅकेट उत्तम असेल, परंतु धुक्यातून आणि तलावाच्या पाळीजवळून जाणाऱ्याने पॉलिएस्टरचे कृत्रिम भरण किंवा फ्लीसच (पॉलिएस्टरचे मऊ, लवदार कापड) घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. कृत्रिम तंतू ओले झाले तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवतात आणि लवकर वाळतात.

मी घेतलेले जॅकेट दोन भागांचे आहे. बाहेर वारा आणि पाणी अडवणारे पातळ कवच आहे आणि आत चेनने जोडायचे, वेगळेही घालता येणारे फ्लीसचे अस्तर आहे. किंमत ४,६०० रुपये पडली. कंपनीचे नाव देत नाही, कारण या बांधणीची जॅकेटे अनेक कंपन्या विकतात आणि कोणते घ्यावे हे नावापेक्षा बांधणी पाहूनच ठरवावे, असे मला वाटते. पहाटे दोन्ही भाग अंगात असतात. दुपारी परतताना फ्लीस काढून पिशवीत टाकतो, आणि ऊन फारच असेल तर नुसते कवच चेन अर्धी उघडून घालतो. २० अंशांचा फरक एकाच कपड्यात झेपायचा असेल, तर दुसरी सोय मला तरी दिसत नाही.

लेबलवर पाणीरोधकता १०,००० मिलिमीटर लिहिली होती. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की पलीकडे थेंब फुटतात, याचे ते माप असते. उभ्या माणसावर पडणाऱ्या साध्या पावसाला याहून पुष्कळ कमी आकडाही पुरतो. परंतु वेगात असताना थेंब जोराने आदळतात, खांद्यावर पिशवीचा पट्टा दाबतो आणि मांडीवर कापड ताणून बसते, आणि दाबाखाली पाणी आत घुसते. म्हणून मोटारसायकलवाल्याने ५,००० च्या पुढचा आकडा घ्यावा, असे मी सुचवीन. तथापि आकड्याइतकीच शिवण महत्त्वाची आहे. कापड कितीही चांगले असले तरी सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपते, म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असावी लागते. दुकानात जॅकेट उलटे करून मी खांदा, काख आणि टोपीच्या जोडावर बोट फिरवून पाहिले. त्याच दुकानातल्या दोन जॅकेटांच्या फक्त खांद्याच्या शिवणीला पट्टी होती आणि बाकीच्या शिवणी उघड्या होत्या. लेबलवर मात्र दोन्हींवर ‘वॉटरप्रूफ’ असेच छापलेले होते.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी आणखी एक तपासणी केली. फ्लीस काढून टाकले, कवचाची पाठ एका मोठ्या तांब्याच्या तोंडावर सैल पसरून मधोमध खळगा केला, त्यात पेलाभर पाणी ओतले आणि तासभर तसेच राहू दिले. सुरुवातीला पाणी पाऱ्यासारखे गोळा होऊन खळग्यात हलत राहिले. तासाभराने कापड बाजूला करून तांब्याच्या आत आणि कापडाच्या उलट्या बाजूवर बोट फिरवले, तर दोन्ही कोरडे होते. त्यानंतर काखेतली शिवण खळग्यात येईल असे कापड सरकवून तोच प्रयोग केला. तिथेही थेंब दिसला नाही. ही तपासणी घरबसल्या होते आणि जॅकेट परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी करावी.

माप घेताना केलेला एक विचार पुढे फार उपयोगी पडला. आरशासमोर उभे राहून नीट बसणारे जॅकेट मोटारसायकलवर बसल्यावर आखूड होते; पाठ वाकते, हात पुढे जातात, मनगटे उघडी पडतात आणि कमरेवरून गार वारा शिरतो. म्हणून दुकानातल्या स्टुलावर बसून, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून मी तीन मापे पाहिली आणि नेहमीपेक्षा एक माप मोठे घेतले. त्याला कमरेशी ओढायची दोरी आहे, त्यामुळे मोठे माप ढगळ होत नाही.

आता पाच महिन्यांत काय दिसले ते सांगतो. ऊब पुरेशी आहे. ९ अंशांच्या पहाटेही आत फक्त शर्ट घातला तरी छाती आणि पाठ गारठली नाही. बोटे आणि गुडघे मात्र गार पडतातच, त्यांचा इलाज जॅकेटकडे नाही. धुक्याच्या दिवसांत पाणी आत आले नाही. भर पावसात दोनदा सापडलो. पहिल्या वेळी चाळीस मिनिटांच्या पावसात खांदे आणि पाठ कोरडी राहिली, परंतु मांडीवर साचलेले पाणी चेनच्या खालच्या टोकातून शिरले आणि शर्टाचा पुढचा घेर भिजला. चेनवर बाहेरून झाकणपट्टी आहे, पण ती कमरेपाशी संपते. थांबून ती पट्टी खाली दाबून बसलो असतो तर एवढे झाले नसते. हातमोजे बाहीच्या वरून घातले की बाहीवरून ओघळणारे पाणी थेट मोज्यात उतरते, म्हणून मोजे बाहीच्या आत घालून वरून वेल्क्रो आवळावा लागतो. हेही त्याच पावसात लक्षात आले.

मनगटावरच्या वेल्क्रोबद्दल वेगळे सांगायला हवे. आमच्याकडे धानाच्या मळणीच्या दिवसांत कुसळे सगळीकडे असतात आणि ती वेल्क्रोच्या आकड्यांत अशी रुतून बसतात की महिनाभरात तो चिकटेनासा होतो. जुन्या टूथब्रशने दर आठवड्याला ती काढावी लागतात. बटन असते तर हा त्रास झाला नसता.

तिसऱ्या महिन्यात डाव्या खांद्यावर, जिथे पिशवीचा पट्टा घासतो तिथे, पाणी गोळा होणे बंद झाले आणि कापड गडद होऊन भिजू लागले. आत पाणी येत नव्हते, परंतु भिजलेला खांदा गार लागे आणि आतला घाम बाहेर जात नसल्याने शर्टही दमट होई. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक थर दिलेला असतो. तो घर्षणाने, धुळीने आणि तेलकटपणाने मंदावतो. जॅकेट बिघडले असे समजून ते टाकून देण्यापूर्वी हे अवश्य करून पाहावे : सौम्य द्रव साबणाने हलक्या हाताने धुवावे, साबणाचा अंश राहू नये म्हणून दोनदा खळबळावे, सावलीत वाळवावे आणि लेबल परवानगी देत असेल तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने तो थर बऱ्याच अंशी पुन्हा काम करू लागतो. माझ्या जॅकेटवर पाणी पुन्हा थेंबाथेंबाने ओघळू लागले, केवळ पट्ट्याखालची दोन बोटे जागा पूर्ववत झाली नाही. कपडे मऊ करणारे द्रावण मात्र चुकूनही वापरू नये, आणि दगडावर आपटणे किंवा पिळणे तर सोडूनच द्यावे.

रंगाच्या बाबतीत माझी निवड चुकली. मळत नाही म्हणून काळा रंग घेतला, आणि पहिल्याच धुक्यात मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला मी दिसलो नाही. तो अगदी जवळ येऊन जोरात ब्रेक लावून थांबला. त्या संध्याकाळी मी पाठीवर चमकणारी पट्टी लावून घ्यायचे ठरवले आणि बाजारातल्या शिंपीदादांकडे जॅकेट नेले. “सर, चिकटवलेली उडून जाईल, शिवलेली टिकेल,” असे ते म्हणाले आणि मीही होकार दिला. सुईच्या भोकांबद्दल मी स्वतः दुकानात एवढी तपासणी केली होती, तरी त्या घाईत ते आठवले नाही. दुसऱ्या पावसात पट्टीच्या दोन्ही कडांनी पाठीवर ओल्या रेघा उमटल्या. नंतर शिवण बंद करण्याचा डिंक मागवून आतून प्रत्येक टाक्यावर ब्रशने लावला आणि रात्रभर वाळू दिला, तेव्हा गळती थांबली. रोज पहाटे रस्त्यावर असणाऱ्याने पिवळा, नारिंगी किंवा उजळ निळा रंगच घ्यावा. मळण्याचा विचार नंतर करावा.

माझा पुतण्या नागपुरात शिकतो. त्यालाही याच बांधणीचे जॅकेट घेऊन दिले होते. तो बसने आणि मेट्रोने फिरतो, त्यामुळे त्याला कवच आणि फ्लीस एकत्र घालायची वेळ हिवाळ्यात मोजकीच आली. बहुतेक दिवस तो फ्लीसच घालतो आणि कवच पिशवीत घडी करून ठेवतो. शहरात चालत किंवा बसने जाणाऱ्याला ५,००० मिलिमीटरचे कवचही पुरेल आणि त्याचे हजारभर रुपये वाचतील. ज्याला दोन-चार किलोमीटरच जायचे आहे, त्याने तर तिबेटी बाजारातला चांगला स्वेटर आणि त्यावर साधा विंडचीटर घ्यावा. एवढा खर्च करण्याचे काही कारण नाही.

सध्या एप्रिल सुरू आहे. फ्लीस धुऊन कपाटात गेले आहे. कवच मात्र या वेळी पेटीत घातलेले नाही. पूर्ण वाळवून, चेन लावून, घडी न घालता आतल्या खोलीत, जिथे पत्र्याऐवजी कौले आहेत तिथे, लाकडी हँगरवर सुती कापडाने झाकून टांगले आहे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ते काढून पंख्याखाली ठेवीन आणि आतल्या लेपावरून बोट फिरवून तो चिकट होतो का ते पाहीन.