सेसना १७२ की पायपर वॉरियर? आधी पेट्रोलचा कॉक बघा

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात कारखाना चालवणाऱ्या माझ्या एका मित्राने खासगी वैमानिकाचं लायसन्स काढलं. आता तिघांत मिळून जुनं विमान घ्यायचं चाललंय. पर्याय दोन: सेसना १७२ एन आणि पायपर वॉरियर टू. दोन्हीला लायकॉमिंगचं १६० हॉर्सपॉवरचं इंजिन, वेगातही फार फरक नाही. सीटा, रंग, रेडिओ यावर त्यांचे तीन रविवार गेले. शेवटी मी म्हटलं, "भावा, पेट्रोल इंजिनापर्यंत कसं जातंय ते आधी बघ की."

इंधनामुळे इंजिन बंद पडतं ते दोन तऱ्हांनी. एक तर टाक्या खरंच रिकाम्या होतात, नाहीतर टाकीत पेट्रोल असतं पण ते पोचत नाही. दुसरा प्रकार आपल्याला नवा नाही. जुन्या बुलेटचा कॉक रिझर्व्हला न्यायचा राहिला की गाडी तावडे हॉटेलपाशी गचके खाऊन थांबायचीच. तिथं बाजूला तरी घेता यायची.

सेसनाचे पंख डोक्यावर, टाक्या पंखात. पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं, पंपाची गरज नाही. सिलेक्टर, म्हणजे टाकी निवडायचा कॉक, 'बोथ'वर ठेवला की दोन्ही टाक्या चालू. वॉरियरचे पंख खाली, त्यामुळे पेट्रोल वर चढवायला इंजिनावरचा पंप आणि मदतीला विजेचा पंप लागतो. आणि तिथं 'बोथ' नाहीच. डावी नाहीतर उजवी. अर्ध्या-पाऊण तासानं टाकी बदलत राहायचं, बदलताना विजेचा पंप चालू करायचा. सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या गुडघ्यापाशी, शेजारच्याचा हात तिथं सहज पोचत नाही. गप्पांच्या नादात एक टाकी कोरडी पडते, इंजिन खोकतं, दुसरी मात्र भरलेली. ज्या टाकीवर उड्डाण करायचं तिच्यावरच रनअप, म्हणजे उड्डाणाआधी उभ्या उभ्या इंजिन वाढवून करायची तपासणी, घ्यावा. ऐन धावपट्टीच्या तोंडाशी टाकी बदलली आणि तिच्यात काही खोट असली, तर नळीत उरलेलं पेट्रोल चाकं उचलेपर्यंतच पुरायचं.

वॉरियरच्या बाजूनंही बोलायला हवं. वापरता येण्याजोगं पेट्रोल ४८ गॅलन, म्हणजे सुमारे १८२ लिटर. या सेसनात ४० गॅलन, १५१ लिटर. शिवाय जमिनीवर उभं राहून झाकण काढा, आत डोकावा, काम झालं. सेसनाला शिडी लागते, आणि शिडी हाताशी नसली की माणूस काट्यावर विश्वास ठेवतो. तो काटा ट्रॅक्टरच्या काट्याइतकाच खरा. दोन्हीकडे टाकीत पट्टी बुडवूनच मोजावं. कोल्हापूरहून पुण्याचा हवाई पल्ला साधारण २१५ किलोमीटर. तासाला ३० लिटर धरले तर जाऊन-येऊन, चढाई आणि पाऊण तासाची शिल्लक मिळून १०५ लिटरच्या आसपास. दोन्ही विमानांना जमतं, पण उजळाईवाडीचा आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. मे महिन्यात ३७ अंशांत इंजिनाला ते ५,००० फुटांवर असल्यासारखं भासतं. मग वजन कमी करायला पेट्रोल कमी भरायचा मोह होतो. त्यापेक्षा एक माणूस उतरवा.

कार्बोरेटर दोन्हीकडे आहे, म्हणजे आपला पावसाळा दोघांनाही सारखाच. २५ अंशांतही दमट हवेत, पॉवर कमी करून उतरताना, कार्बोरेटरच्या घशात बर्फ धरतो. आरपीएम हळूहळू ढासळतात. कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारी दांडी, ओढली की आधी इंजिन आणखी खडखडतं, मग सुधारतं. त्या खडखडाटाला घाबरून ती परत ढकलू नये. कारण इंजिन बंद पडून उतरायची वेळ आली, तर खाली जो हिरवा गालिचा दिसतो तो ऊस आहे, दहा-बारा फूट उंच. वरून गवत वाटतं.

माझं मत विचाराल तर महिन्यातून दोनदा उडणाऱ्यानं सेसनाच घ्यावं. हात कमी चालला तरी ते सांभाळून घेतं. आठवड्याला उडत असाल आणि टाकी बदलायचं घड्याळ डोक्यात बसलं असेल, तर वॉरियरला माझी ना नाही.

बघायला जाल तेव्हा सिलेक्टर स्वतः फिरवा. प्रत्येक खाचेत खट्‌कन बसला पाहिजे. सेसनाच्या झाकणांचं रबर चिरलंय का बघा, पाऊस तिथूनच आत जातो. मग टाकीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून कपात थोडं पेट्रोल काढा. ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळं असतं, पाणी तळाशी बिनरंगी बसतं. कपभर सगळंच बिनरंगी निघालं तर खूश होऊ नका. आधी वास घ्या.