ढाब्यावर गाडी बंद केली असती तर 9,40,000 वाचले असते

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा धंदा करतो. दहा वर्षांत जुने चार ट्रॅक्टर, दोन पिकअप आणि एक बोलेरो घेतली, एकातही फसलो नाही. म्हणून "एवढं कसं कळलं नाही तुला?" हे कृपया विचारू नका. घरात रोज विचारतात.

गाडी माझदा आरएक्स-8, पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या रोटरी इंजिनची. कॉलेजात असल्यापासून डोक्यात होती. भारतात ही कंपनीने कधी विकलीच नाही, त्यामुळे इथे दिसते ती प्रत्येक गाडी बाहेरून आयात झालेली. ठाण्याकडच्या एका दलालाची जाहिरात दिसली. लाल रंग, 46,000 किलोमीटर, मागणी 11,50,000. फोनवर त्याने पहिल्या पाच मिनिटांतच 1991 ची ले मान्सची 24 तासांची शर्यत काढली. "भाऊ, ती शर्यत जिंकलेलं इंजिन आहे हे." जिंकलेल्या माझदा 787 बी मध्ये चार रोटर होते, या गाडीत दोन. मला हे माहीत होतं. तरी ऐकताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

मे महिना. तो म्हणाला, तुम्हाला इतक्या लांब कशाला बोलावू, मी गाडी धुळ्याला आणतो, तिथल्या लॉजवर मुक्काम करतो, सकाळी भेटू. मी पोहोचलो तेव्हा त्याने माझा हात धरून बॉनेटवर ठेवला. "बघा, थंड आहे. आधी गरम करून ठेवणाऱ्यातला मी नाही." आपल्याकडे जुनी गाडी घेताना पहिला धडा हाच असतो ना, की इंजिन आधीच गरम असेल तर सावध व्हा? इंजिन थंडगार आणि सेल्फ मारल्याबरोबर सुरू. मी तिथेच अर्धा विकला गेलो.

रोटरी इंजिनात हा धडा नेमका उलटा चालतो. पिस्टन नाहीत, तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तीन टोकांना पातळ पट्ट्या असतात, अ‍ॅपेक्स सील. त्या झिजल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जातं. थंड असताना गाडी तरीही सुरू होते. गरम झाल्यावर बंद केली की मग सुरू होत नाही. म्हणजे बघायचं असतं ते गरम इंजिन: अर्धा तास पळवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, सेल्फ मारा. एवढंच. फुकटात होणारी चाचणी.

सोनगीरपर्यंत जाऊन आलो. नऊ हजार आरपीएमपर्यंत काटा नेला, काय तो आवाज! परत येताना आग्रा रोडवर ढाब्यावर थांबलो. दलालाचा पोरगा गाडीतच बसून राहिला. "एसी चालू राहू द्या, ऊन किती आहे." चहा झाला, शेवभाजी झाली, पाचशेच्या स्टॅम्पवर कागद झाला. पाऊण तास गाडी घुरघुरत उभी. टेबल पुसणारा पोऱ्या मला म्हणाला, "भाऊ, गाडी बंद करा ना, पेट्रोल जळी ऱ्हायनं."

त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला दिसलं. मला दिसलं नाही. मी हसलो, वर त्याला म्हणालो, "मोठ्या गाडीचं तसंच असतं." रात्री झोप लागत नाही तेव्हा हेच वाक्य आठवतं.

आणखी ऐका. टाकी त्याने आधीच फुल करून ठेवली होती, "माझ्याकडून भेट". केवढा दिलदार माणूस! आता कळतं, वाटेत पंपावर थांबून गाडी बंद करायची वेळच माझ्यावर येऊ नये म्हणून. तेलाची पट्टी खालच्या खुणेच्याही खाली होती, तर म्हणे रोटरी तेल खातंच. खातंच, खरंय, सील ओली राहावी म्हणून पंप मुद्दाम आत तेल सोडतो. पण म्हणून तेल घालायचंच नाही का? अर्धं खरं बोलणाऱ्यापासून जास्त जपा.

एकूण 9,40,000 असे गेले: टोकन 51,000. आरटीजीएस 6,90,000, तेही त्याच्या मेहुण्याच्या फर्मच्या खात्यावर. रोख 1,99,000, "दोन लाखांच्या आत, भानगड नको". रोखीची पावती नाही. हो, नाही घेतली.

सव्वाशे किलोमीटर न थांबता घरी आलो. पूजेसाठी अंगणात बंद केली. बायकोने ओवाळलं, आबांनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. सेल्फ मारला. नुसतं घुर्र, घुर्र. अर्धा तास. शेवटी गल्लीतल्या पोरांनी ढकलून ती लिंबं चिरडली. आबा काही बोलले नाहीत, नारळाचे तुकडे वाटत राहिले.

दलाल आधी म्हणाला बॅटरी, मग कॉइल. मग फोनच उचलेना. 23,500 देऊन टोइंगवर पुण्याला नेली, रोटरी समजणाऱ्या मेकॅनिककडे. कॉम्प्रेशन माझदाच्या हिशेबाने 250 आरपीएमला किमान 6.8 बार हवं. प्रत्येक रोटरच्या तीन बाजू: पुढचा रोटर 7.1, 5.0, 4.8. मागचा 5.6, 4.3, 4.4. इंजिन खोलून बांधायचे 4,85,000, पार्ट बाहेरून. दलालाने मला गेजचा व्हिडिओ पाठवला होता, 102 पीएसआय, म्हणजे सुमारे 7 बार. तो साधा पिस्टनचा गेज, तीन बाजूंतला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. म्हणजे सहातली एकमेव धड बाजू मला दाखवली. रोटरीच्या टेस्टरवर सहा आकडे मिळत नसतील तर व्यवहार सोडा.

आता साहेब लोक. पहिल्या पोलीस ठाण्यात: व्यवहार कुठे झाला? धुळ्याजवळ. मग तिकडे जा. तिकडे: पैसे कुठे गेले? ठाणे शहराकडे. मग तिकडे जा. मी म्हणालो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते. तर म्हणाले, "वकील आहात का?" फसवणुकीचं कलम चारशेवीसचं तीनशे अठरा झालं, बाकी काही बदललं नाही. एकाने कागद उलटून ओळ दाखवली: 'वाहन तपासून, चालवून, समाधान झाल्यावर घेतले.' सही माझी. "हे दिवाणी आहे." दुसऱ्याने विचारलं, एवढ्यात स्कॉर्पिओ नसती का आली? आणि मोबाइलवर गाडीचे फोटो मागितले, पोराला दाखवायला! दोन महिन्यांनंतर माझ्या अर्जावर फक्त आवकचा शिक्का आहे.

गाडी नावावर करायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, सिलिंडर किती? म्हटलं, नाहीत. "मग चालते कशावर?" चालतच नाही मॅडम, म्हटलं. त्यांनी फाइल परत केली.

आरसीवरचा मालक तिसराच निघाला. म्हणतो, मी दलालाला विकली, माझे पैसे मिळाले, विषय संपला. म्हणून ज्याचं नाव आरसीवर, त्याच्याच खात्यात पैसे टाका. आयातीचा कस्टमचा कागद, बिल ऑफ एंट्री, बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. कार्नेवर, म्हणजे परत न्यायच्या अटीवर तात्पुरती आलेली गाडी असली तर ती इथे विकताच येत नाही, मग गाडीही जाते आणि चौकशी मागे लागते. माझी तेवढी तरी कायदेशीर निघाली.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. फी 200 रुपये, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. हे मला कोणत्याही साहेबाने सांगितलं नाही, केळीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरच्या भावाने सांगितलं. तारीख पुढच्या महिन्यात आहे.

गाडी सध्या वखारीत, ताडपत्रीखाली. मागच्या आठवड्यात त्याच दलालाची नवी जाहिरात दिसली, पिवळी आरएक्स-8, 'थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ मिळेल'. भाच्याच्या नंबरवरून विचारलं, गरम असताना बंद करून पुन्हा सुरू करून दाखवाल का? निळ्या टिक्स आल्या, मग नंबर ब्लॉक. त्या पिवळ्या गाडीचं टोकन कोणी दिलं असेल तर उरलेले पैसे थांबवा. आणि आधीच कोणी त्याच्याकडून घेतली असेल तर लाजू नका, पुढे या. आयोगासमोर एकापेक्षा दोन तक्रारी बऱ्या.