स्लाइड स्कॅन करायच्यात: माउंट पुठ्ठ्याचं, काचेचं की साध्या प्लास्टिकचं?

बाबांच्या चारेकशे स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायचे फिल्मवरचे सुटे फोटो, गेल्या दोन पावसाळ्यांत स्कॅन केल्या. तिन्ही प्रकारची माउंट, म्हणजे फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटी, हाताखालून गेली, म्हणून हा आगाऊपणा.

पुठ्ठ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खिडकीच्या कडेला तंतू सुटतात आणि स्कॅनमध्ये मिशीएवढे दिसतात. शिवाय 24 बाय 36 मिलिमीटरची फ्रेम चारही बाजूंनी थोडी कापली जाते. मात्र पुठ्ठा फाडण्याआधी त्यावरचा मजकूर टिपून घ्या. बाबांनी फक्त ‘कोकणकडा, सकाळ’ लिहिलंय. महिना-साल कळलं ते लॅबच्या शिक्क्यावरून.

खरं तर काच सरस ठरायला हवी. फिल्म सपाट बसते, मधोमध फोकस लावला की कोपरेही लखलखीत. मीही आधी काचेचीच माउंट आणली. मग तीच कोकणकड्याची स्लाइड स्कॅन केली, तर आभाळभर रंगीत वलयं! रस्त्यावरच्या पाण्यात ऑइल सांडल्यावर दिसतात ना, तशी. ही न्यूटनची वलयं. फिल्मची गुळगुळीत पाठ काचेला जेमतेम टेकते तिथे उमटतात. माउंट उघडलं, पुसलं, परत बसवलं. वलयं जागा बदलून हजर! एका स्लाइडपायी अख्खी संध्याकाळ गेली. स्कॅनमधली धूळ काढणारी स्कॅनरची इन्फ्रारेड सोयही या वलयांवर कामाची नाही. वलयं टाळणारी खरबरीत काच मिळते, पण मोठ्या स्कॅनमध्ये तिचा पोत मला निळ्या आभाळात रवाळ दिसला. कदाचित माझीच नजर किरकिरी असेल. वर दोन काचांच्या चार बाजू आणि फिल्मच्या दोन, म्हणजे धूळ पुसायच्या जागा सहा. पावसाळ्यात आत कोंडलेली दमट हवा आणि बुरशी आणखी वेगळी.

आता बिनकाचेची, चाप बसणारी प्लास्टिकची माउंट वापरतो. फिल्म थोडा बाक धरते, हे कबूल. मी फोकस मध्य आणि कोपरा यांच्या दरम्यान लावतो. फारच वाकलेली फिल्म आठवडाभर जाड शब्दकोशाखाली ठेवतो. तरी पाच-सहा हट्टी निघाल्याच, त्या काचेत घातल्या.

प्रोजेक्टरवरही दाखवायच्या असतील, तर काचेचा विचार जरूर करा. दिव्याच्या उष्णतेने उघडी फिल्म फुगते आणि फोकस सुटतो. नुसतं स्कॅनच करायचं असेल तर तुमची मर्जी, पण माझ्याकडे काचेच्या माउंटचा अर्धा डबा तसाच पडून आहे.