खारात चालणारी पॅलेट गाडी : स्टेनलेस हँड पॅलेट ट्रकचा चौदा महिन्यांचा अनुभव

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचा लोणच्यांचा छोटा कारखाना आहे. उन्हाळ्यात आलेली कैरी चिरून आम्ही ती १५ ते १८ टक्के मिठाच्या पाण्यात मुरवतो आणि २०० लिटरच्या निळ्या पिंपांत भरून ठेवतो. भरलेले एक पिंप साधारण २३० किलोचे होते आणि एका पॅलेटवर अशी चार पिंपे बसतात. हे ओझे दिवसातून वीस-पंचवीस वेळा ज्या फरशीवरून न्यावे लागते, तिच्यावर खार आणि व्हिनेगर हमखास सांडलेले असते आणि संध्याकाळी ती गरम पाण्याने व सोडियम हायपोक्लोराइटने (जंतुनाशक ब्लीचने) धुतली जाते. अशा जागी कोणती हँड पॅलेट ट्रक, म्हणजे दोन काट्यांवर पॅलेट उचलून हाताने ओढायची गाडी, घ्यावी, हे ठरवताना आम्ही दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा घेतलेली गाडी चौदा महिने वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिली गाडी नेहमीची, रंग दिलेली, अडीच टनांची होती. काट्यांच्या टोकांचा रंग पॅलेटला घासून महिन्याभरात उडाला, तेथून गंज आत शिरला आणि पावसाळा संपेपर्यंत चाकांच्या पिना इतक्या जाम झाल्या की हातोड्याशिवाय हलेनात. दुसरी जस्ताचा मुलामा दिलेली घेतली. जस्त पाण्यात चांगले टिकते, पण आम्ल आणि तीव्र अल्कली या दोन्हींत ते विरघळते. आमच्याकडे दिवसभर व्हिनेगर असते आणि टाक्या कॉस्टिक सोड्याने धुतल्या जातात, त्यामुळे त्या गाडीवर पांढरी भुकटी धरू लागली. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांना लागू असलेल्या २०११ च्या परवाना विनियमांतील अनुसूची ४ उपकरणे न गंजणारी आणि सहज स्वच्छ होणारी असावीत, असे सांगते. तो नियम नसता तरी उघड्या फोडींच्या शेजारून ती गाडी नेण्याची माझी तयारी नव्हती.

तिसरी गाडी मकरपुऱ्यातच बनवून घेतली. ती पूर्ण ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची असून तिची क्षमता दोन टन आहे. काटे ११५० मिलिमीटर लांब, दोन्ही काट्यांची बाहेरून रुंदी ५४० मिलिमीटर आणि खाली टेकलेली उंची ८५ मिलिमीटर. रंगाच्या गाडीच्या जवळजवळ साडेतीनपट पैसे पडले.

३१६ चाच आग्रह का धरला, हे सांगायला हवे, कारण ‘एस.एस. आहे ना, मग झाले’ हे वाक्य मी बऱ्याच विक्रेत्यांकडून ऐकले. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो आणि तोच त्याला गंजापासून वाचवतो. मिठातला क्लोराइड तो थर जागोजागी फोडतो. वरून पत्रा लखलखीत दिसतो आणि आत सुईच्या टोकाएवढे खड्डे खोल जात राहतात. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असते आणि क्लोराइडच्या माऱ्याला ते पुष्कळ अधिक तोंड देते. दूध किंवा बेकरीच्या कारखान्यात ३०४ ने भागते. खारासाठी मात्र ३१६ च घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या बाजारात २०० मालिकेचे स्टीलही ‘एस.एस.’ म्हणूनच विकले जाते. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते. एका विक्रेत्याने माझ्यासमोर लोहचुंबक लावून दाखवला आणि चिकटत नाही म्हणजे ३१६ असे सांगितले. चुंबक २०२ लाही चिकटत नाही, ३०४ लाही नाही, आणि वाकवलेल्या जागी अस्सल ३०४ ला तो थोडासा चिकटूही शकतो. म्हणून त्या परीक्षेला अर्थ नाही. आम्ही गाडी ताब्यात घेण्यापूर्वी एक्स-रे यंत्राने धातूची तपासणी करून घेतली. काट्यावर मोलिब्डेनम २.१ टक्के आले, हँडलवरही तेवढेच आले, आणि मगच उरलेले पैसे दिले.

तरीही तीन महिन्यांत गंज दिसला. काटे, दांडा, पंपाचे कवच सगळे स्वच्छ होते, पण हँडल जोडणारे चार बोल्ट तांबूस झाले होते. ते साध्या लोखंडाचे, वरून जस्त चढवलेले होते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की त्यांतला सहज गंजणारा धातू झिजतो, आणि स्टेनलेसच्या मोठ्या पृष्ठभागासमोर बोल्ट एवढासा असल्यामुळे सगळी झीज त्याच्याच वाट्याला येते. म्हणजे गाडी जितकी उत्तम स्टीलची, तितका चुकीचा बोल्ट लवकर जातो. उत्पादकाने ते कुरकूर न करता बदलून दिले. खरेदीच्या कागदावर ‘सर्व बोल्ट, पिना, स्प्रिंगा आणि बेअरिंगे स्टेनलेसची’ असे लिहून घेणे मात्र माझेच राहिले होते.

दुसरा दोष आमच्या धुलाई विभागातल्या मावशींनी पकडला. गाडी धुऊन कोपऱ्यात ठेवताना त्या म्हणाल्या, ‘दादा, हिच्या पोटात पाणी वाजतंय.’ कान लावला तर खरोखरच उजव्या काट्याखालच्या पोकळ नळीत पाणी डुचमळत होते. नळीचे टोक सलग वेल्डिंग न करता टाके घातल्यासारखे तुटक जोडलेले होते आणि त्या फटींतून रोज थोडे पाणी आत जात होते. टोक कापले तेव्हा चहाच्या रंगाचे, आंबूस वासाचे पाणी बाहेर आले. आतल्या वेल्डवर निळसर-तपकिरी डाग तसेच सोडलेले होते आणि त्यांच्या काठाने खड्डे पडायला लागले होते. वेल्डिंगच्या उष्णतेने आलेला तो रंग पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढून धातू पुन्हा पॅसिव्हेट करावा लागतो, म्हणजे त्यावरचा संरक्षक थर पुन्हा तयार करावा लागतो, नाहीतर ३१६ सुद्धा तेथून सडते. ते काम नंतर नीट झाले आणि दोन्ही टोके सलग बंद केली गेली. स्वच्छतेच्या दृष्टीने मला हा दोष बोल्टांपेक्षा गंभीर वाटतो, कारण अशा बंद जागेत साचलेले पाणी कुठल्याही धुलाईने निघत नाही.

चाकांबाबत समाधान व्हायला सर्वांत जास्त वेळ लागला. सोबत आलेली नायलॉनची चाके पाण्याला आणि रसायनांना उत्तम टिकतात, पण ओल्या टाइल्सवर घसरतात आणि त्यांचा आवाज सहन होत नाही. म्हणून पॉलियुरेथेनची बसवली. सहा महिन्यांत त्यांना भेगा पडल्या आणि नखाने तुकडे निघू लागले. पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन गरम पाण्याने हळूहळू तुटते, पॉलिइथर जातीचे टिकते, हे चाके विकणाऱ्यानेही आधी सांगितले नव्हते. आताची चाके पॉलिइथरची आहेत, बेअरिंगे सीलबंद आहेत आणि अद्याप तक्रार नाही.

पंपाचे काम निर्दोष आहे. पिस्टन स्टेनलेसचाच आहे, तेल खाद्यकारखान्यांसाठीच्या एच१ वर्गाचे (चुकून अन्नाला लागले तरी चालणारे) आहे आणि चौदा महिन्यांत एक थेंबही गळलेला नाही. भरलेले पॅलेट उचलायला दहा-बारा हापसे पुरतात आणि खाली सोडताना ओझे धाडकन आदळत नाही. मावशींच्या हातूनही ते सहज होते, याचे मला विशेष मोल वाटते.

विजेवर चालणारी गाडी आम्ही पाहिली होती. धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या आयपी श्रेणीत ती आयपी ५४ ची होती, म्हणजे शिंतोड्यांपुरती. ज्यांना ८० अंशांच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने रोज धुवायचे आहे त्यांनी आयपी ६९के पेक्षा कमी घेऊ नये, आणि तशी गाडी आमच्या आवाक्याबाहेर होती.

बडोद्याजवळच्या नंदेसरीतील एका रसायन कारखान्यातील परिचितांनी ही गाडी पाहून तशीच घेण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा मी त्यांना थांबवले. त्यांच्याकडे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे आणि त्यापुढे ३१६ चेही काही चालत नाही. तेथे एफआरपी (काचतंतू घातलेले प्लॅस्टिक) किंवा जाड प्लॅस्टिकच्या ट्रॉल्याच योग्य.

निगेसाठी दोन गोष्टी आम्ही पाळतो. हायपोक्लोराइट दहा मिनिटांवर गाडीवर राहू देत नाही, आणि तारेचा ब्रश किंवा लोखंडी काथ्या तिला लावत नाही, कारण त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुतून तेथे तांबूस ठिपके उमटतात.

याच उत्पादकाकडे आता दुसरी गाडी नोंदवली आहे. या वेळी ऑर्डरमध्ये बोल्टांचा ग्रेड, सलग वेल्डिंग, पॅसिव्हेशन आणि चाकांची जात वेगवेगळ्या ओळींत लिहिली आहे, आणि नळीची टोके बंद करण्यापूर्वी मी स्वतः पाहून येणार आहे.