‘गॅस संपलाय ताई’ म्हणत गाडीच्या एसीसाठी माझ्याकडून १५,७०० रुपये घेतले

आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. आम्ही ऐरोलीत राहतो, सेंटर वाशीला. उन्हात रिक्षाने जाणं तिला झेपेना, म्हणून डिसेंबरात एक जुनी हॅचबॅक घेतली, २०११ची, ९४,००० किलोमीटर चाललेली. मामेभावाने गाडी रॅम्पवर चढवून बघितली, खालून फोटोही काढले. त्या फोटोंचं पुढे काय झालं ते सांगतेच.

एप्रिल लागला आणि एसीने त्रास द्यायला सुरुवात केली. ठाणे-बेलापूर रोडला गाडी सुटली की आत मस्त गार. वाशीत ब्लू डायमंडच्या सिग्नलला उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जाळीतून कोमट हवा. पुन्हा गाडी पळाली की पुन्हा गार. डायलिसिस झाल्यावर आईचं बीपी उतरतं. एका दुपारी परत येताना ती मागच्या सीटवर घामाने भिजून नुसती पडून होती, हाक मारली तरी ओ देईना. मी गाडी बाजूला घेतली, तिच्या तोंडावर पाणी मारलं. त्याच संध्याकाळी गॅरेज गाठलं. गॅरेज नवी मुंबईतलंच, पण तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, एसीच्या पाइपावरचं छोटं टोपण काढलं आणि आतल्या पिनवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून धरलं. बराच वेळ फुस्स आवाज येत राहिला. मला वाटलं, तपासायची हीच पद्धत असेल. मग त्याने गॅसचा दाब मोजणारा मीटर जोडला. दोन्ही सुया शून्याजवळ. ‘बघा ताई, गॅसच संपलाय. जुनी गाडी आहे, दर वर्षी भरावा लागतो.’

आता मला माहीत आहे की तो गॅस त्यानेच माझ्यासमोर सोडून दिला होता. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती शोधल्याशिवाय नुसता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. माझ्या गाडीत आर १३४ए गॅस आहे. इंजिन बंद असताना, तीस अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानाला, मीटरच्या दोन्ही सुया साधारण ९५ ते १०० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास सारख्या थांबल्या, तर आत गॅस आहे एवढं तरी कळतं. मीटर आधी जोडायचा असतो, पिन दाबून गॅस सोडून द्यायचा नसतो. कुणी तुमच्या गाडीचं टोपण काढून पिनवर काही टेकवायला गेलं तर तिथेच हात धरा.

गॅस भरून झाल्यावर एक पोरगा पाइप घेऊन आला. ‘गाडी धुऊन देतो ताई, पैसे नाही घेणार.’ पुढच्या जाळीवर त्याने चांगली पाच मिनिटं पाण्याची धार मारली. लगेच एसी लावून दाखवला. उभ्या गाडीत बर्फासारखी हवा! मी २,२०० रुपये दिले. त्या जाळीमागेच कंडेन्सर असतो, त्यातली उष्णता बाहेर गेली तरच आत गारवा येतो. ती उष्णता माझ्या गाडीतून का बाहेर जात नव्हती हेच तर शोधायचं होतं, आणि त्याने ते पाण्याने दहा मिनिटांपुरतं झाकलं.

आठ दिवसांत ब्लू डायमंडला पुन्हा तेच. परत गेले तर चेहरा पाडून म्हणाला, ‘कॉम्प्रेसर प्रेशर बनवत नाहीये. तरी मला वाटलंच होतं.’ कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारा पंप. नवा बसवायचे १३,५००. आईच्या सुया, औषधं, सेंटरचे पैसे सोडून उरलेल्यात ते बसत नव्हते, मी भिशीतून उचलले. संध्याकाळी गाडी मिळाली. चांदीसारखा चकचकीत कॉम्प्रेसर त्याने मोबाइलच्या उजेडात दाखवला. जुना मागितला तर म्हणाला, भंगारात गेला. बिल मागितलं तर म्हणाला, पक्क्या बिलाला १८ टक्के जास्त पडतील. मी यूपीआयने पैसे देऊन निघाले. इथे माझं फार चुकलं.

मे महिन्यात मामेभाऊ मला ठाण्यात वागळे इस्टेटला एका वयस्कर मेस्त्रींकडे घेऊन गेला. ते फक्त गाड्यांच्या एसीचं काम करतात. त्यांनी काही उघडायच्या आधी मला विचारलं, ‘पळताना गार आणि उभं राहिलं की गरम, असंच ना?’ मग गाडी चालू करून, एसी लावून पुढे वाकून उभे राहिले. ‘या इकडे, ऐका.’ रेडिएटरचा पंखा थोड्या वेळाने फिरला. शेजारचा, कंडेन्सरचा पंखा, एसी लावताच फिरायला हवा होता, तो गप्प. मीटरची लाल, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूची सुई चढत ३५०च्या पुढे गेली आणि ‘टक’ असा आवाज होऊन कॉम्प्रेसर बंद झाला. प्रेशर जास्त झालं की तो जळू नये म्हणून आपोआप बंद होतो. म्हणजे जो कॉम्प्रेसर प्रेशर बनवत नव्हता म्हणे, तो भरपूर बनवत होता.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंख्याच्या मोटरवर दोनदा ठोकलं. पंखा कुरकुरत फिरला, अर्ध्या मिनिटात पुन्हा थांबला. मोटरमधले कार्बन ब्रश झिजले होते. गाडी पळताना वाऱ्याने कंडेन्सर गार होतो, उभी राहिली की पंख्याशिवाय त्याला वारा नाही. इंजिन गार करणारा रेडिएटरचा पंखा वेगळा आणि ठणठणीत, म्हणून इंजिनचं तापमान कधी वाढलं नाही आणि मला संशय आला नाही. पंख्याला वीज देणारे फ्यूज आणि रिले त्यांनी आधीच बदलून बघितले होते, ते ठीक होते.

मग गाडी वर चढवली. नव्या कॉम्प्रेसरवर मेस्त्रींनी नखाने खरवडलं. चंदेरी रंगाची पापडी निघाली, खाली काळा तेलकट थर बसलेला जुना धातू. वायरच्या रबरी प्लगवरही चंदेरी ठिपके उडालेले. थिनरने पुसल्यावर रंगाखालून स्टिकर वर आलं, उजवा कोपरा तिरका फाटलेला. मामेभावाने डिसेंबरातला फोटो उघडून दाखवला. तोच स्टिकर, तोच फाटका कोपरा. माझाच कॉम्प्रेसर काढून, स्प्रे मारून मलाच विकला होता. मला तिथे स्टुलावर बसावं लागलं.

पंख्याची मोटर मजुरीसकट २,४०० रुपयांत झाली. गॅस मात्र पुन्हा भरावा लागला, कारण आधीच्याने व्हॅक्यूम न करताच, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून न काढताच भरल्यामुळे आत हवा होती. आपल्याकडच्या दमट हवेतलं पाणी आत राहिलं तर ते तेलात मिसळून आतले भाग खातं. मेस्त्रींनी अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावला, सुई जागची हलत नाही ना हे बघत दहा मिनिटं थांबले, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिले होते तितकाच गॅस काट्यावर मोजून भरला. १,८०० रुपये, पक्क्या बिलासकट.

फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजला गेले. ‘ताई, बिल दाखवा, कुठला कॉम्प्रेसर, आम्ही तर फक्त सर्व्हिस केली.’ आई गाडीत बसली होती, मी वाद वाढवला नाही. घरी येऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयची नोंद, दोन्ही वेळचे फोटो, गॅरेजशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप (त्यात त्याने स्वतः ‘न्यू कॉम्प्रेसर १३५००’ लिहिलंय) आणि मेस्त्रींनी लिहून दिलेला कागद, एवढं हाताशी आहे. हेल्पलाइनवरून गॅरेजला दोनदा कळवलं गेलं, उत्तर नाही. आता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्याच गॅरेजमध्ये आमच्या सोसायटीतल्या आणखी एका काकांनी मार्चमध्ये कॉम्प्रेसर बदलून घेतलाय. रविवारी त्यांची गाडी रॅम्पवर चढवणार आहोत, थिनर मी घेऊन जातेय.