चिनी मातीची जुनी बाग-स्टुलं: अकरा महिने वापरल्यावर

बागेत बसायची, ढोलाच्या आकाराची, आतून पोकळ आणि माथ्याला-बाजूंना भोकं असलेली तीन स्टुलं, तिन्ही एकोणिसाव्या शतकातली. एक चीनमधल्या जिंगदेजेन या चिनी मातीच्या गावचं निळं-पांढरं, एक कँटन (आजचं ग्वांगझो) बंदरात रंगवलेलं गुलाबी, एक कँटनजवळच्या शिवानचं जाड हिरव्या झिलईचं (काचेसारख्या लेपाचं). पहिलं आणि तिसरं पुण्यातल्या उघड्या गच्चीवर, गुलाबी शेजारच्या खोलीत. पूर्ण पावसाळा काढून झाला. एवढ्यात जे कळलं ते असं: पाऊस आणि बसणाऱ्याचं वजन ही स्टुलं सहज सोसतात. बिघडतात ती बुडाकडून, आणि आधी कुणीतरी करून ठेवलेल्या दुरुस्तीतून.

चीनमध्ये याला श्यौदुन म्हणतात, म्हणजे भरतकामाची बैठक, कारण त्यावर भरतकाम केलेलं रेशमी कापड घालत. दुसरं नाव गुदुन, ढोलाची बैठक. वर आणि खाली उठावाच्या टिकल्यांची जी ओळ दिसते ती ढोलावर कातडं ताणून ठोकलेल्या खिळ्यांच्या डोक्यांची नक्कल आहे. ही ओळ बारकाईने बघायची सवय लावून घ्या. जुन्या स्टुलात टिकल्या बहुतेक वेळा बाहेरून चिकटवलेल्या असतात, त्यामुळे आत हात घातला की भिंत सपाट लागते. साच्यात पातळ माती ओतून केलेल्या आजच्या स्टुलात प्रत्येक टिकलीच्या मागे आत एक खळगा लागतो. आमच्या निळ्या-पांढऱ्यात बोट फिरवलं तर मधोमध, कमरेला, एक आडवा उंचवटा लागतो. दोन भाग वेगळे घडवून ओल्या मातीने सांधलेत, त्याची ती खूण. साच्याची उभी रेघ दिसली तर ते अजिबात घेऊ नका. विक्रेत्यांकडून ‘जुन्या पारशी घरातलं आहे’ हेही ऐकू येतं. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा कँटनशी मोठा व्यापार होता हे खरं, पण घर जुनं म्हणून स्टूल जुनं ठरत नाही.

उंची 47 सेंटिमीटर, माथ्याचा व्यास 29, वजन 14 किलो. नव्वद किलोचा माणूस रोज संध्याकाळी बसतो, काही झालेलं नाही. पिंपासारखी फुगीर भिंत भार सरळ बुडापर्यंत उतरवते. मात्र त्यावर उभं राहून कुंड्या टांगायच्या नाहीत. टाचेचा भार माथ्याच्या मधल्या पातळ भागावर येतो आणि नाण्याच्या आकाराच्या भोकापाशी तो भाग आधीच कमकुवत असतो. चीनच्या मिंग राजवटीतल्या (1368 ते 1644) स्टुलांचा माथा किंचित फुगीर असे. पुढे सपाट माथ्याची पद्धत आली आणि सपाट माती भट्टीत मध्ये खचते. आमच्या स्टुलावर पट्टी आडवी ठेवली तर मधे 3 मिलिमीटरची पोकळी दिसते. हा दोष नाही, पण पाणी तिथे साचतं, फडक्याने टिपावं लागतं. उशी नसेल तर थंडीत बैठक फार गार लागते. रेशमी कापडाचं कारण तिथे कळतं.

पाऊस सोसण्याचं कारण भट्टीत आहे. जिंगदेजेनची माती साधारण 1300 अंशांना काचेसारखी घट्ट होते, पाणी शोषतच नाही. निळा रंग कोबाल्टचा आणि झिलईखाली, म्हणून घासूनही जात नाही. शिवानची माती तशी घट्ट नाही. तिच्या बुडाच्या कड्यावर झिलई नसते, तिथून पाणी वर चढतं. ऑगस्टमध्ये बुडापासून बोटभर उंचीवर पिठासारखी पांढरी पूड आली. ते क्षार. खरवडायचे नाहीत, झिलई सोबत सुटते. आरओचं पाणी टबात चार बोटं भरून स्टूल तीन दिवस ठेवलं, पाणी रोज बदललं, मग आठवडाभर सावलीत वाळवलं. पूड परत आली नाही, कारण त्यानंतर खाली 5 मिलिमीटर जाडीचे तीन रबरी तुकडे आहेत. चार ठेवू नका, फरशी वाकडी असली की चौथा अधांतरी राहतो आणि स्टूल डुगडुगतं. रबराचा दुसरा फायदा म्हणजे भोकातून आत गेलेलं पाणी खालून निघून जातं, डास होत नाहीत.

खरी तक्रार विक्रेत्याबद्दल. निळ्या-पांढऱ्याच्या एका भोकाची कड भरून रंगवलेली होती, सांगितलं नव्हतं. मेच्या उन्हात तो तुकडा पिवळा पडला, जुलैत कडेने सुटला. घेण्याआधी अंधारात अतिनील टॉर्च मारली असती तर दिसलं असतं, भरलेली जागा झिलईपेक्षा वेगळी चमकते. नखाने टकटक करूनही बघा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर तडा शोधा.

गुलाबी स्टूल बाहेर ठेवायचंच नाही. 1757 पासून 1842 पर्यंत पाश्चात्त्यांचा व्यापार कँटनपुरता बांधलेला होता, त्यामुळे जिंगदेजेनहून कोरी भांडी तिथे येत आणि गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे रंगवली जात. ते रंग झिलईच्या वर, 800 अंशांच्या आसपास पक्के केलेले, म्हणजे मऊ. सोनेरी रेघ तर त्याहून नाजूक. ओल्या मऊ कापडाने पुसतो, साबण नाही, लिंबू-व्हिनेगर तर मुळीच नाही. तरी बसताना पायजम्याची शिवण जिथे घासते तिथलं सोनं अकरा महिन्यांत फिकं झालंय. आता त्यावर फक्त दिवा असतो.

हलवताना बाजूच्या भोकांत बोटं अडकवून उचलायचा मोह होतो, भोकं त्यासाठीही होती. पण दीडशे वर्षांनंतर तडा सुरू होतो तो भोकाच्या कोपऱ्यातूनच. एक हात बुडाखाली, दुसरा कमरेला, आणि अंगठी काढून.